ग्लिन हाऊसचा एकांडा शिलेदार

१९६३ साली एडिंबरा विद्यापीठातल्या एका बेचाळीस वर्षांच्या शास्त्रज्ञाने पोटातल्या व्रणांनी बेजार होऊन नोकरीचा राजीनामा दिला. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉल परगण्यात, बोडमिन गावाजवळ ग्लिन हाऊस नावाचा एक जुना, पडझड झालेला वाडा त्याने घेऊन ठेवला होता. छप्पर गळत होते, भिंतींत ओल होती. पुढची दोन वर्षे या गृहस्थाने प्रयोगशाळेचे तोंड पाहिले नाही. गवंडी आणि सुतार हाताशी धरून, स्वतः आराखडे काढून, स्वतः देखरेख करून त्याने तो वाडा उभा केला. अर्धा राहायला आणि अर्धा संशोधनाला. विद्यापीठातल्या लोकांनी त्याच्या नावापुढे फुली मारली असेल तर त्यांना दोष देता येत नाही. पोटाच्या दुखण्याने खचलेला, जगाने हसण्यावारी नेलेली एक उपपत्ती उराशी बाळगणारा आणि आता वाड्याच्या डागडुजीत रमलेला माणूस! पंधरा वर्षांनी, १९७८ साली, याच पीटर मिचेलला रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेही कोणाबरोबर वाटून न घेता.

मिचेलशी माझे नाते थोडे अपराधीपणाचे आहे, ते आधीच सांगून टाकतो. मी जीवरसायनशास्त्र शिकलो ते १९७० च्या आसपास. अन्नातली ऊर्जा पेशीला कशी मिळते हा विषय निघाला की आमचे सर फळ्यावर एक नागमोडी रेघ काढत आणि तिच्या टोकाला इंग्रजी एक्स हे अक्षर लिहीत. हा एक्स म्हणजे ऊर्जा धरून ठेवणारा एक मधला पदार्थ, तो अजून सापडायचा आहे, आज ना उद्या सापडेल, असे ते सांगत. पुढे मी स्वतः शिकवू लागलो तेव्हा काही वर्षे मीही तोच एक्स फळ्यावर काढला, त्याच आत्मविश्वासाने. एक्स नाहीच, कधी नव्हताच, असे सांगणारा निबंध १९६१ सालीच छापून आला होता हे मला बऱ्याच उशिरा कळले. माझ्या पहिल्या तीन-चार तुकड्यांतली मुले आज आजोबा-आजी झाली असतील. त्यांची ही उशिरा मागितलेली माफी समजावी.

मिचेलचा जन्म २९ सप्टेंबर १९२० रोजी लंडनच्या दक्षिणेला मिचम येथे झाला. वडील सरकारी नोकरीत, घर सुखवस्तू. पण खरा पैसा आला तो काकांकडून. सर गॉडफ्री मिचेल यांनी विम्पी ही बांधकाम कंपनी नावारूपाला आणली आणि तिचे काही भाग पुतण्यांच्या नावे केले. ही गोष्ट किरकोळ नाही. मिचेलच्या विज्ञानाची कथा त्याच्या पैशाच्या कथेपासून वेगळी काढता येत नाही. अनुदानासाठी समित्यांपुढे उभे राहावे लागले असते, तर त्या काळच्या कोणत्या समितीने त्याच्या कल्पनेवर पैसे लावले असते?

विद्यार्थी म्हणून तो मुळीच चमकदार नव्हता. टाँटनच्या क्वीन्स कॉलेज या शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान त्याला आवडे. इतिहास-भूगोलाशी मात्र त्याचे जमले नाही. केंब्रिजच्या जीझस कॉलेजची शिष्यवृत्ती परीक्षा त्याला इतकी वाईट गेली की प्रवेश मिळाला तो केवळ मुख्याध्यापकांनी स्वतः पत्र लिहून रदबदली केली म्हणून. केंब्रिजमध्ये लांब केस, संगीताचा नाद आणि विद्यार्थ्याला न शोभणारी रोल्स रॉइस गाडी यांमुळे तो लोकांच्या लक्षात राहिला, परीक्षेतल्या गुणांमुळे नाही. डॉक्टरेटसाठी लिहिलेला पहिला प्रबंध परीक्षकांनी परत केला. पेनिसिलिन जिवाणूंवर कसे काम करते या विषयावर दुसरा प्रबंध लिहून १९५१ साली त्याला पदवी मिळाली, तेव्हा तो तिशी ओलांडून गेला होता.

पण डोके वेगळ्याच दिशेने चालत होते. विद्यार्थिदशेतच त्याने स्वतःपुरते एक छोटेखानी तत्त्वज्ञान रचले होते. जगातल्या वस्तू दोन प्रकारच्या: एक पुतळ्यासारख्या, ज्यांचे द्रव्य तेच राहते, दुसऱ्या ज्योतीसारख्या, ज्यांचे द्रव्य सतत बदलते पण आकार टिकून राहतो. समईची ज्योत तासभर तीच दिसते, तिच्यातले तेल मात्र क्षणाक्षणाला नवे असते. सजीव पेशी ही ज्योतीच्या जातीची, हे त्याने मनाशी धरले. आता ज्योतीला आत आणि बाहेर असे काही असते का? पेशीला असते. मग आत-बाहेर ठरवणारी ती सीमा, ते पेशीपटल, हीच सजीवाची कळीची जागा असली पाहिजे. बहुतेक जीवरसायनशास्त्रज्ञ तेव्हा पेशी वाटून, गाळून, तिचा रस परीक्षानळीत घेऊन काम करत. पटल फाटले की आत-बाहेर संपते, आणि नेमकी तीच गोष्ट मिचेलला हवी होती.

पेशीपटल म्हणजे चरबीचा अतिशय पातळ पडदा. जाडी इतकी कमी की असे दीडएक लाख पडदे एकावर एक रचले तरी एक मिलिमीटर भरेल. चरबीतून पाण्यात विरघळणारे पदार्थ सहसा पार होत नाहीत. साखर, मीठ, फॉस्फेट सगळे दाराशी अडते. म्हणून या पडद्यात जागोजागी प्रथिने बसवलेली असतात आणि ती दरवाजाचे काम करतात. हा दरवाजा साध्या भोकासारखा नसतो. मोठ्या हॉटेलांच्या दाराशी फिरता दरवाजा असतो, त्यात शिरलेला माणूस एका वेळी एकाच बाजूला उघडा असतो, तसे हे प्रथिन आधी बाहेरच्या बाजूला तोंड उघडते, रेणूला धरते, मग आकार बदलून आतल्या बाजूला उघडते आणि त्याला सोडून देते. रेणू जिकडे दाटी आहे तिकडून विरळ जागी जात असेल तर हे फुकटात होते. पण पेशीला बऱ्याचदा उलटे हवे असते, विरळाईकडून दाटीकडे. उताराविरुद्ध पाणी चढवायचे तर पंप हवा आणि पंपाला ऊर्जा हवी.

मिचेल आणि त्याची सहकारी जेनिफर मॉइल यांनी १९५० च्या दशकात पुंजगोलाणू या जिवाणूंवर, म्हणजे गळवांमध्ये सापडणाऱ्या जंतूंवर, काम करून दाखवले की फॉस्फेट आत जाते ते असे निवडक, विकरासारख्या वागणाऱ्या दरवाजांतून. १९५७ साली त्याने यावर एक सर्वसाधारण सिद्धांतच मांडला. विकर म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, आणि वाहक म्हणजे पदार्थ इकडून तिकडे नेणारे प्रथिन, हे दोन वेगळे प्राणी आहेत असे सगळे समजत. मिचेलचे म्हणणे असे की हे वेगळे नाहीतच. विकर पटलात विशिष्ट दिशेला तोंड करून बसवले की त्याची रासायनिक क्रिया हीच वाहतूक बनते. रासायनिक क्रियेला दिशा असू शकते, ही कल्पना ऐकायला साधी वाटते. परीक्षानळीत वाढलेल्या पिढीला ती पचायला अवघड गेली.

आता ऊर्जेकडे येतो, कारण खरा झगडा तिथे आहे. पेशीचे चलनी नाणे म्हणजे एटीपी हा रेणू. १९२९ साली तो जर्मनीत कार्ल लोमान आणि अमेरिकेत हार्वर्डमध्ये सायरस फिस्के व आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी वेगवेगळा शोधून काढला. आंध्रातल्या भीमावरमहून गेलेल्या सुब्बारावांचे नाव आपल्याकडे अजूनही फार कमी लोकांना माहीत आहे, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय. एटीपी मोडले की ऊर्जा मिळते. शरीरात कोणत्याही क्षणी ते थोडेसेच असते, पण मोडून पुन्हा पुन्हा जोडले जाते, इतके की दिवसभराची उलाढाल मांडली तर ती साधारण आपल्या स्वतःच्या वजनाच्या घरात जाते. खाल्लेले अन्न आणि घेतलेला श्वास या दोहोंतून हे नाणे पाडले जाते, तंतुकणिका नावाच्या पेशीतल्या इवल्या भट्ट्यांमध्ये. केंब्रिजमध्ये मिचेल ज्यांना गुरुस्थानी मानत असे, त्या डेव्हिड कायलिन यांनी या भट्टीतली साखळी उलगडली होती. अन्नातले इलेक्ट्रॉन एका रंगीत प्रथिनाकडून दुसऱ्याकडे उतरत जातात आणि शेवटी प्राणवायूला मिळतात. पण या उतरंडीतली ऊर्जा एटीपीपर्यंत पोहोचते कशी?

१९५३ साली स्लेटर यांनी जे उत्तर सुचवले ते सगळ्यांना पटले. बाजारात हुंडी जशी हातोहात फिरते, तशी ऊर्जा एखाद्या मधल्या रेणूच्या रूपाने फिरत असावी. हाच तो आमचा एक्स. त्याचा शोध अॅमस्टरडॅमपासून फिलाडेल्फियापर्यंतच्या मातब्बर प्रयोगशाळांत सुरू झाला. दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी तो सापडल्याचे जाहीर करी आणि पुढच्या वर्षी ते खोटे ठरे. त्यात दोन गोष्टी कोणालाच उलगडत नव्हत्या. पहिली, तंतुकणिकेचे पटल फाटले की एटीपी बनणे थांबते. हुंडी रेणूची असेल तर पिशवी फाटली तरी चालायला हवे. दुसरी, डायनायट्रोफिनॉलचे कोडे. या द्रव्याने श्वसन जोरात चालते, पण एटीपी मात्र बनत नाही. सगळी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. १९३३ नंतर अमेरिकेत वजन कमी करण्याचे औषध म्हणून ते हजारो लोकांनी घेतले. माणसे बारीक झाली हे खरे, पण काही अक्षरशः आतून तापून मेली. १९३८ पासून तिथे ते माणसांना देणे बंद झाले. औषधाचा परिणाम दिसत होता, कारण दिसत नव्हते.

८ जुलै १९६१ च्या 'नेचर'च्या अंकात मिचेलचा निबंध आला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: हुंडी नाही, धरण आहे. इलेक्ट्रॉन उतरंडीवरून खाली येताना त्यांच्या जोरावर प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे धनभारित कण, पटलाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला लोटले जातात. बाहेर आम्लता आणि धनभार साचतो, आत उणीव होते. पटल प्रोटॉनना सहज पार होऊ देत नाही, म्हणून हा साठा धरणातल्या पाण्यासारखा दाब देत राहतो. परत यायला एकच वाट, एटीपी बनवणाऱ्या विकरातून. पाणी जनित्रातून खाली येताना वीज तयार होते, तसे प्रोटॉन या विकरातून आत येताना एटीपी तयार होते. पटल फाटणे म्हणजे धरण फुटणे. डायनायट्रोफिनॉल चरबीत विरघळते आणि प्रोटॉन पाठीवर घेऊन पटलातून पार होते, म्हणजे धरणाला पडलेले भगदाड. दोन्ही कोडी एका वाक्यात सुटली.

हा दाब किती असतो? आकड्यात पाहिले तर क्षुल्लक वाटेल, सुमारे १५० ते २०० मिलिव्होल्ट, हातातल्या बॅटरीच्या सेलच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. पण तो मिलिमीटरच्या काही दशलक्षांश जाडीच्या पडद्यावर पडलेला असतो. मीटरच्या हिशेबात तो तीन कोटी व्होल्टच्या आसपास जातो. हवेतून ठिणगी पडायला याच्या दहावा भाग पुरतो. हा हिशेब मी पहिल्यांदा वर्गात फळ्यावर मांडला तेव्हा मागच्या बाकावरची कुजबूज थांबली होती.

निबंधाचे स्वागत झाले नाही असे म्हणणे हा सौम्यपणा होईल. बहुतेकांनी तो वाचलाच नाही, वाचला त्यांना कळला नाही आणि ज्यांना कळला त्यांना तो हास्यास्पद वाटला. रॅकर यांच्यासारख्या दिलदार माणसानेही पुढे मोकळेपणाने कबूल केले की पहिल्यांदा ऐकताना हा विदूषक आहे की भविष्यवेत्ता, हे त्यांना ठरवता येईना. याचे सगळे खापर विरोधकांवर फोडणेही बरोबर नाही. मिचेलचे लेखन दुर्बोध होते. नवे शब्द घडवण्याची त्याला भारी हौस. वाचणाऱ्याने आधी त्याची परिभाषा पाठ करायची आणि मग मजकुराकडे वळायचे, अशी अवस्था असे. प्रयोगाचा पुरावाही त्या वेळी त्याच्याजवळ जवळजवळ नव्हता. शिवाय ऑक्सफर्डचे विल्यम्स यांनी त्याच वर्षी प्रोटॉन आणि एटीपी यांचा संबंध जोडणारी वेगळी कल्पना प्रसिद्ध केली होती. निबंध छापून येण्याच्या सुमारास दोघांचा पत्रव्यवहार झाला होता आणि श्रेयाचा वाद पुढे आयुष्यभर धुमसत राहिला. विल्यम्स यांचे प्रोटॉन पटलाच्या आतच, दाटीवाटीत फिरत होते. पटलाच्या दोन बाजूंमधला फरक हा मिचेलचा गाभा होता. माझ्या मते दोन कल्पना वेगळ्याच आहेत, पण विल्यम्स यांना आपण डावलले गेलो असे वाटले, तेही समजण्यासारखे आहे.

अशा वेळी पोटाने दगा दिला आणि तो ग्लिनला गेला. या दुखण्यातला विपर्यास मला अनेकदा विचार करायला लावतो. जठराच्या अस्तरातल्या पेशी आम्ल तयार करतात ते प्रोटॉन पंपाच्या साह्याने. हे प्रथिन एटीपी मोडते आणि त्या जोरावर प्रोटॉन बाहेर ढकलते, बदल्यात पोटॅशियम आत घेते. रक्तापेक्षा जठररसात प्रोटॉनची दाटी दहा लाखांहून अधिक पट असते. आपल्या शरीरात उताराविरुद्ध इतकी मोठी चढण दुसरीकडे क्वचितच असेल. प्रोटॉनच्या जोरावर सगळे जीवन चालते असे सांगणाऱ्या माणसाला त्याच प्रोटॉनने अंथरुणाला खिळवले होते. हा पंप पुढे १९७० च्या दशकात ओळखला गेला आणि त्याला नेमके बंद पाडणारे ओमेप्रॅझोल हे औषध १९८८ साली बाजारात आले. आज आपल्याकडे सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या ज्या गोळ्या घरोघरी असतात त्या याच कुळातल्या. व्रणांच्या मुळाशी बहुतेकदा एक जिवाणू असतो हे वॉरन आणि मार्शल यांनी १९८० च्या दशकात दाखवले. १९६३ साली मात्र यातले काहीच हाताशी नव्हते. विश्रांती घ्या आणि काळजी करू नका, एवढाच सल्ला.

१९६५ मध्ये ग्लिन संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. मिचेल आणि त्याच्या भावाने मिळून सुमारे अडीच लाख पौंडांची गंगाजळी उभी केली होती. माणसे किती? मिचेल, एडिंबराहून बरोबर आलेली जेनिफर मॉइल आणि मोजके मदतनीस. उपकरणे साधी. सर्वांत महत्त्वाचे उपकरण म्हणजे आम्लता मोजण्याचा मीटर, जो आपल्याकडच्या कोणत्याही बऱ्या कॉलेजात असतो. उंदराच्या यकृतातल्या तंतुकणिका प्राणवायू काढून घेतलेल्या द्रावणात ठेवायच्या, मग प्राणवायूचा एक छोटासा झोत द्यायचा आणि मीटरचा काटा पाहायचा. काटा हलला. द्रावण क्षणभर आम्लधर्मी झाले आणि हळूहळू पूर्ववत झाले. श्वसन सुरू झाले की प्रोटॉन बाहेर पडतात, हे दिसले. किती प्राणवायूला किती प्रोटॉन, याचे हिशेब मॉइलने अतिशय काटेकोरपणे केले. प्रयोगातला हात तिचा आणि कल्पनेतली झेप त्याची, अशी ढोबळ वाटणी लोक करतात. ती कितपत खरी आहे कोण जाणे. पण तिच्या नावाशिवाय ग्लिनचे नाव घेणे अन्यायाचे आहे.

१९६६ आणि १९६८ साली मिचेलने आपला सगळा युक्तिवाद दोन पुस्तिकांत विस्ताराने मांडला आणि त्या ग्लिनमध्येच छापून घेतल्या. करड्या रंगाच्या मुखपृष्ठामुळे त्या करड्या पुस्तिका म्हणूनच ओळखल्या जाऊ लागल्या. नियतकालिकांच्या दारात उभे राहण्यापेक्षा स्वतःच छापून वाटणे, हेही पुन्हा काकांच्या पैशाचे देणे.

बाहेर वारे फिरू लागले होते. १९६६ साली अमेरिकेत जागेनडॉर्फ आणि उरिबे यांनी पालकाच्या पानांतली हरितलवके अंधारात आम्लात भिजवली आणि मग एकदम अल्कधर्मी द्रावणात टाकली. प्रकाश नाही, इलेक्ट्रॉनांची साखळी चालू नाही, फक्त आत-बाहेरच्या आम्लतेतला फरक. तरी एटीपी बनले. आठ वर्षांनी, १९७४ मध्ये, रॅकर आणि स्टॉकेनियस यांनी कहरच केला. सोयाबीनच्या चरबीच्या सूक्ष्म पिशव्या केल्या. त्यांत खारट डबक्यांत वाढणाऱ्या सूक्ष्मजीवातले जांभळे प्रथिन बसवले, जे प्रकाश पडताच प्रोटॉन ढकलते. शेजारी गाईच्या हृदयातून काढलेले एटीपी बनवणारे विकर बसवले. वनस्पती, सूक्ष्मजीव आणि प्राणी, तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, कोणताही एक्स त्यांत असणे शक्य नाही. दिवा लावला आणि एटीपी बनू लागले. यानंतर वाद घालायला फारसे काही उरले नाही. तरीही १९७७ साली या क्षेत्रातल्या सहा धुरीणांनी एकत्र आढावा लिहायचे ठरवले, तेव्हा प्रत्येकाने आपापला भाग स्वतंत्र लिहिला. एका मजकुराखाली सह्या करायला सहाही जण तयार होईनात! पुढच्या वर्षी स्टॉकहोमहून तार आली.

प्रोटॉनचे धरण फक्त एटीपी बनवत नाही. जिवाणूच्या शेपटीसारखी फिरकी त्यावर चालते. साखरेसारखे पदार्थ आत ओढले जातात तेही त्यावर. उताराने आत येणारा प्रोटॉन दुसऱ्या रेणूला बोट धरून बरोबर आणतो. मिचेलने या प्रकाराला सिम्पोर्ट हा शब्द दिला, आपण सहवहन म्हणू. आंत्र जिवाणू दुधातली साखर अशीच प्रोटॉनच्या सोबतीने आत घेतो हे त्याने १९६३ साली सुचवले आणि १९७० च्या सुमारास ग्लिनमध्येच इयन वेस्ट यांनी प्रयोगाने दाखवले. प्राण्यांच्या पेशीत मात्र प्रोटॉनची जागा बव्हंशी सोडियम घेतो. स्काऊ या डॅनिश शास्त्रज्ञाने १९५७ साली खेकड्याच्या मज्जातंतूंत शोधलेला पंप एक एटीपी मोडून तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. आपण स्वस्थ झोपलेलो असतानाही शरीराच्या ऊर्जेचा पाचवा हिस्सा तरी या एका पंपावर खर्च होतो. बाहेर साचलेला सोडियम मग आत यायला धडपडतो आणि येताना ग्लुकोजला घेऊन येतो.

ही शेवटची गोष्ट रॉबर्ट क्रेन यांनी ऑगस्ट १९६० मध्ये प्राग येथील परिसंवादात मांडली. त्याच परिसंवादात मिचेलनेही आपला दिशायुक्त विकरांचा निबंध वाचला होता. दोघेही त्या वेळी शुद्ध तात्त्विक प्रश्नाच्या मागे होते. अकरा वर्षांनी, १९७१ च्या बांगलादेश युद्धात, बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीचा कहर झाला आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी पाण्यात मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज घालून ते पिंपांतून लोकांना पाजायला सुरुवात केली. एका लिटरला ग्लुकोज २२ ग्रॅम, मीठ साडेतीन ग्रॅम, सोडा अडीच ग्रॅम. पटकीचे विष आतड्यातून पाणी बाहेर लोटते, पण सोडियम-ग्लुकोजच्या त्या जोडदरवाजाला हात लावत नाही. नुसते मीठ-पाणी शोषले जात नाही. सोबत साखर असेल तर दरवाजा उघडतो, मीठ आत जाते आणि मागोमाग पाणी. छावणीतला मृत्युदर वीस-तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आला. आपल्याकडे जलसंजीवनी म्हणून जी पुडी अंगणवाडीत मिळते, ती हीच. वर्गात हा भाग शिकवताना मी नेहमी ती पुडी टेबलावर ठेवत असे.

मिचेलकडे परत येऊ. नोबेलनंतरचा मिचेल मला जास्त माणसासारखा वाटतो, कारण तो चुकला. १९७७ साली फिनलंडच्या विकस्ट्रम यांनी दाखवले की श्वसनसाखळीतले शेवटचे विकरही प्रोटॉन ढकलते. मिचेलच्या आराखड्यात त्याला जागा नव्हती. त्याने आणि मॉइलने सात-आठ वर्षे ते नाकारले, प्रयोगांत खोट काढली, नवे स्पष्टीकरण शोधले. शेवटी १९८५ च्या सुमारास मान्य केले. एटीपी बनवणाऱ्या विकराबाबतही तसेच. प्रोटॉन थेट रासायनिक क्रियेत भाग घेतात असे तो ठामपणे सांगत राहिला. बॉयर म्हणत होते की प्रोटॉन फक्त विकराचा आकार बदलतात, रसायन दुसरीकडे घडते. एके काळी बॉयर एक्सच्या बाजूला आणि मिचेल विरुद्ध. आता पारडे उलटे झाले होते. ज्याने एका पिढीला आपल्या हट्टीपणाने बदलायला लावले, त्याला स्वतःचा हट्ट सोडणे जड गेले. दोन्ही हट्टांची जात एकच होती असे मला वाटते. एकाला आपण निष्ठा म्हणतो, दुसऱ्याला दुराग्रह, आणि कोणता कोणता हे त्या वेळी तरी समजत नाही.

महागाईने ग्लिनची गंगाजळी खाल्ली. खासगी प्रयोगशाळेला पैसा देणारे फार थोडे निघाले. नोबेलच्या नावावरही ते जमले नाही. १९८३ मध्ये जेनिफर मॉइल निवृत्त झाली. १० एप्रिल १९९२ रोजी ग्लिनच्या परिसरातच मिचेलचे निधन झाले. चार वर्षांनी प्रयोगशाळेचे काम लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात हलवले गेले.

१९९४ साली केंब्रिजमध्ये जॉन वॉकर यांनी एटीपी बनवणाऱ्या विकराची रचना उलगडली आणि १९९७ साली जपानी शास्त्रज्ञांनी त्याला एक चमकणारा तंतू चिकटवून सूक्ष्मदर्शकाखाली तो गरगर फिरताना पाहिला. मिचेलचे धरण खरे होते, पण खाली खरोखरच चाक बसवलेले होते, आणि ते बॉयर यांनी सांगितले तसे फिरत होते. त्या वर्षीचे रसायनशास्त्राचे नोबेल बॉयर, वॉकर आणि स्काऊ यांना मिळाले. जेनिफर मॉइल हे सगळे पाहायला होती. ती २०१६ साली गेली.